प्रार्थना करते हं

आमच्या घरात शपथ घ्यायला बंदी होती. आईशपथ नाही, देवाशपथ नाही, काहीच नाही. वडील म्हणायचे, खरं बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला शपथ लागतेच कशाला? शिव्या तर दूरच. तोंडातून 'च्यायला' निसटलं तरी संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर देवाची क्षमा मागावी लागे. त्यामुळे मी लहानपणापासून स्वच्छ जिभेची, आणि त्याचा मला केवढा तोरा. शाळेत शिकवायला लागल्यावर तर विचारू नका. शरणपूर रोडवर रिक्षावाल्याने कुणाला शिवी हासडली की मागच्या सीटवरून मी त्याची शाळा घ्यायचे. नवरा म्हणतो, तू जीभसुद्धा रोज भांड्यांबरोबर घासून ठेवतेस.

आमच्या मंडळीत एक वाक्य फार चालतं. उपासना संपली की देवळाच्या पायऱ्यांवर (आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणतात) कुणाचा गुडघा, कुणाची शुगर, कुणाच्या मुलाची नोकरी असं सगळं ऐकून घ्यायचं, हातावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'प्रार्थना करते हं.' खरं सांगायचं तर त्याचा अर्थ 'बरं, निघते आता' एवढाच असतो. ऐकणारीलाही ते माहीत असतं, म्हणून आपापसात खपून जातं.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर मखमलाबादच्या एक मावशी भाजी घेऊन बसतात. घरच्या मळ्यातली मेथी, कोथिंबीर, वांगी. तोंडाने भारी फटकळ. मेथीची जुडी जरा उलटीपालटी केली की म्हणणार, 'ताई, नाडी बघताय का तिची?' आमचं म्हणूनच जमतं. यंदाच्या थंडीत एकदा मात्र त्या गप्प गप्प होत्या. विचारलं तर म्हणाल्या, लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली, मुलगा झालाय, एवढासा, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलाय. पिशवी उचलता उचलता मी म्हणाले, 'काळजी करू नका मावशी, मी प्रार्थना करते हं.'

कॉलनीच्या गेटपर्यंत येईतो मी ते विसरले. गॅसवर डाळ ठेवून आले होते, डोक्यात ती डाळ होती.

दोन-तीन दिवसांनी गेले तर मावशी माझी वाटच बघत होत्या.

'ताई, तुम्ही कवा करता ती प्रार्थना? मी पण त्याच टायमाला हात जोडते. दोघींचं संगं गेलं तर वर लवकर ऐकू जाईल.'

तेव्हाच सांगता आलं असतं. मावशी, राहून गेलं, आज करते. बस, एवढंच. पण माझ्या तोंडून निघालं, 'पहाटे पाचला.' पाचच का, तर भाविक बायका पाचला उठतात अशी माझी आपली समजूत. मी स्वतः दूधवाल्याने बेल वाजवल्याशिवाय उठत नाही.

पाचला मावशी टेम्पोत असतात. गावातल्या बाया आपापला माल घेऊन एकाच टेम्पोने शहरात येतात. पुढच्या खेपेला म्हणाल्या, 'मागं गोण्यांवर बसून डोळे मिटते मी. बाकीच्या हसतात, म्हणतात म्हातारी पेंगली. हसू दे. त्या टायमाला तुम्ही पण बसलेल्या असता, मला ठावं हाय.' मी मान डोलावली. ती मान डोलावलेली आठवली की मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मग मी पाचचा गजर लावायला लागले. वाजला की बंद करायचा आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचं. नाशकाची थंडी सांगायला नको. दिवसा कणीक मळताना 'प्रभू, त्या बाळाकडे बघ' असं एखादं वाक्य पुटपुटायचे आणि मनाची समजूत घालायचे की देवाला कुठे घड्याळ असतं. ते खरंही आहे. पण मावशींच्या हातात घड्याळ मीच दिलं होतं.

बाळाचं वजन थोडं वाढलं. मावशींनी कोथिंबिरीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि काही केल्या पैसे घेईनात. 'तुमच्यामुळं झालं ताई,' म्हणाल्या. त्या कोथिंबिरीची चटणी आम्ही खाल्ली. त्याच आठवड्यात महिला मंडळात माझी पाळी होती, विषय होता 'विश्वासी स्त्रीचं बोलणं'. मी शिव्यांवर बोलले, चहाड्यांवर बोलले, टोमण्यांवर बोलले. बायकांनी फार वाखाणलं.

नंतर काही दिवस कोपऱ्यावरची जागा रिकामीच होती. मावशी परत आल्या त्या दिवशी पालकावर पाणी शिंपडत बसल्या होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, 'गेलं ताई.'

मी तिथेच फुटपाथवर बसले.

'माझ्यामुळं गेलं,' मावशी म्हणाल्या. रडत नव्हत्या. बाळ गेलं त्याच्या आदल्या रात्री लेकीपाशी जागरण झालं होतं, तिथून तशाच घरी जाऊन माल भरला आणि टेम्पोत डोळा लागला, तो एकदम नाशकात उघडला. पाच कधीच वाजून गेले होते. दुपारी दवाखान्यातून फोन आला. 'रोज बसले आन् नेमकी त्याच दिवशी झोपले. तुम्ही एकट्याच पडला. एकटीचं कुठवर पोचणार?'

मी वर्गात बोलावं तसं सुरू केलं. असं नसतं मावशी, देव कुणाची हजेरी घेत नाही, बाळ मुळातच अशक्त होतं. एकेक शब्द बरोबर होता. पण मावशींच्या ते कानातच शिरत नव्हतं. लेकीला अजून सांगितलं नाही, म्हणाल्या, कुठल्या तोंडानं सांगू की मी झोपले. माझं खोटं आता त्या बाईच्या मानगुटीवर बसलं होतं, आणि मी गप्प राहिले असते तर जन्मभर तिथेच बसून राहिलं असतं.

'मावशी, मी पाचला उठतच नव्हते,' मी म्हणाले. 'एक दिवससुद्धा नाही. तुमच्या झोपण्यानं काही झालेलं नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले.'

मला वाटलं, आता तोंड सुटेल. चार लोकांत माझी अब्रू काढतील. काढू देत, निदान मी मोकळी तरी होईन, असंही वाटलं. मावशींनी पाण्याचा मग खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. ऐकलेल्याचा अर्थ नीट लागतोय का, ते त्या मनात जुळवून बघत होत्या.

'म्हंजे ताई,' त्या म्हणाल्या, 'इतके दिस मी एकटीच बसत व्हते?'

मी हो म्हणाले.