खाडीकाठच्या विहारातली तडकलेली घंटा

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. आधीच सांगतो, मी स्ट्रक्चरल ऑडिट करतो. नौपाड्यात छोटं ऑफिस आहे. भिंतीला तडा गेला की लोक मला बोलावतात आणि मी त्याचं कारण सांगतो... कधी पाया खचलेला, कधी गंजलेली सळई, कधी वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं गळकं पाणी. कारण सापडत नाही असा तडा मी पाहिलेला नाही. त्यामुळे इथले गूढ अनुभव वाचताना मी मनातल्या मनात हसायचो, हेही कबूल करतो. तरी गेल्या हिवाळ्यात जे झालं ते मला अजून कुठल्याच रिपोर्टमध्ये बसवता आलेलं नाही.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. मी, बायको मुक्ता आणि आई. आई मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन इकडे आली आणि ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली, तिथूनच रिटायर झाली. जन्मभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे आवाज ऐकलेली बाई. आणि रिटायरमेंटनंतर काही वर्षांत तिचेच कान गेले. दोन्ही. मशीन घेतलं, चांगलं महागातलं. पण तिला ते आवडेना. "पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं," म्हणाली आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

हळूहळू तिने बोलणंच सोडलं. स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नाही तर बोलायचं कशाला, असं तिचं म्हणणं. आम्ही मोबाईलवर मोठ्या अक्षरात टाईप करून तिला दाखवायचो, ती मान हलवायची. हो. नाही. नको. बास. सगळं घर असून ती एकटी पडलेली, आणि आम्हाला काही सुचत नव्हतं.

अशात कल्याणहून एक काम आलं. खाडीच्या बाजूला एक जुना बौद्ध विहार आहे. ब्रिटिशांच्या काळात ब्रह्मदेशातून सागवान आणणाऱ्या एका व्यापाऱ्याने तो बांधला म्हणतात. आता चारही बाजूंना टॉवर, मधे हे बुटकं कौलारू मंदिर — रस्त्यावरून दिसतही नाही. आत बुद्धमूर्ती, आणि बाजूच्या दोन खोल्यांत छोटंसं म्युझियम. ताडपत्रावरच्या पोथ्या, जुनी भिक्षापात्रं, लाकडात कोरलेली कमळं, असं काय काय. शेजारच्या प्लॉटवर पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब ठोकणं, सुरू झालेलं आणि म्युझियमच्या भिंतीला तडे दिसायला लागलेले. विहाराच्या ट्रस्टला भीती होती की इमारत धोकादायक ठरली तर सगळंच बंद करावं लागेल.

मी मुद्दाम रविवार निवडला. पायलिंग बंद असतं, निवांत बघता येतं. मुक्ता नेमकी माहेरी, अलिबागला गेलेली. आईला एकटं ठेवायला नको म्हणून तिलाही गाडीत बसवलं. ती नाखुशीनेच आली.

तिथले भंतेजी सत्तरी ओलांडलेले, बारीक अंगाचे, हसरे. जवळच्याच वस्तीत जन्मले आणि लहानपणापासून विहारातच वाढले. मी आईबद्दल सांगितल्यावर त्यांनी तिला हात जोडून नमस्कार केला आणि म्युझियमच्या आतल्या खोलीत सावलीत बाकावर नेऊन बसवलं. समोर काचेच्या कपाटात एक घंटा होती. पितळेसारख्या धातूची, गुडघ्याएवढी उंच, लाकडी ठोकळ्यावर ठेवलेली. वरपासून खालपर्यंत मोठा तडा. खाली पाटी फक्त एवढीच — 'विहाराची जुनी घंटा'.

मी बाहेर भिंतीवर काम करत होतो. तड्यावर आम्ही काचेची पट्टी चिकटवतो, तडा वाढला तर ती फुटते आणि कळतं. तेच करत होतो. भंतेजी चहा करायला गेलेले. छान ऊन होतं, पोपट ओरडत होते. आणि आतून आईचा आवाज आला.

"संदीप... अरे, घंटा कोण वाजवतंय?"

कित्येक महिन्यांत मी तिच्या तोंडून असं आख्खं वाक्य ऐकलं नव्हतं. हातातली पट्टी तशीच टाकून आत धावलो. आई बाकावर ताठ बसलेली, डोळे कपाटाकडे. घाबरलेली वगैरे अजिबात नाही. चेहरा उजळलेला.

मी मोबाईलवर टाईप केलं, 'कसली घंटा? मी बाहेरच होतो. काहीच आवाज नाही.'

तिने वाचलं आणि चक्क वैतागली. "नाही कसा? इतका सुंदर आवाज! मोठा, गोल... असा पसरत गेला. आणि विरायच्या आधीच थांबला. कोणीतरी वरून हात ठेवावा ना, तसा थांबला. मग परत वाजली, परत तसंच."

मागे काहीतरी खळकन वाजलं. भंतेजी दारात उभे होते, हातातल्या ट्रेमधला चहा बशांमध्ये सांडलेला.

"माई काय म्हणाल्या? हात ठेवल्यासारखा?"

"हो, पण तिला ऐकू येत नाही हो भंतेजी," मी जरा ओशाळूनच म्हणालो. "भास झाला असेल."

त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि आईशेजारी बसले. म्हणाले, "साहेब, आमच्यात टोल दिला की आवाज आपोआप विरू देतात. हात लावून थांबवत नाहीत. पण माझे गुरुजी थांबवायचे. विहाराच्या भिंतीला लागून एक खोपटं होतं. तिथलं तान्हं बाळ सारखं आजारी असायचं, झोपायचंच नाही. ते जागं होऊ नये म्हणून गुरुजी टोल द्यायचे, आवाज जरा पसरला की तळहात ठेवायचे. मग दुसरा टोल, पुन्हा तळहात. मी शेजारी उभा राहून बघायचो."

"आणि ते बाळ?" मी विचारलं.

भंतेजी हसले. "माझी धाकटी बहीण. ठणठणीत आहे. आंबिवलीला असते, नातवंडांच्या मागे धावते."

"पण हे कुठे लिहिलेलं असेल ना? किंवा कोणी आईला सांगितलं असेल?"

"कोण सांगणार? मला हे विचारणारे तुम्हीच पहिले. मी शाळेत असतानाच रंगकामासाठी उतरवताना ही घंटा पायरीवर पडली आणि तडकली. तेव्हापासून मुकी आहे."

तेव्हा आई साताऱ्याकडे फ्रॉकमध्ये फिरत असणार. कल्याणच्या या भागात तर ती आयुष्यात पहिल्यांदाच आलेली.

माझ्यातला इंजिनियर गप्प बसेना. शेजारच्या साईटवर जाऊन आलो, गेटला कुलूप होतं. आसपास दुसरं देऊळ, शाळा, काही नाही. शेवटी भंतेजींना विनंती केली. त्यांनी कपाट उघडलं, कोपऱ्यातली लाकडी मोगरी आणली आणि घंटेवर हलकेच मारली. थड्. फुटक्या माठावर मारल्यासारखा आवाज. आईला तर तोही ऐकू आला नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, काय चाललंय म्हणून. मी हे सगळं टाईप करून दाखवलं, तसं तिने सावकाश वाचलं, उठली, आणि घंटेवर तळहात ठेवून उभी राहिली. बराच वेळ.

"थंड आहे," एवढंच म्हणाली आणि गोड हसली.

परतताना पत्री पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि आई बोलायला लागली. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी, रात्रपाळीला आणलेले डबे, ट्रंक कॉलवर रडणारी माणसं... डोंबिवली येईपर्यंत थांबली नाही. आणि घरी चप्पल काढता काढता म्हणाली, "ते मशीन कुठे ठेवलंय रे? लावून बघते परत. खडे तर खडे. सवय होईल."

पुढच्याच आठवड्यात तिच्या कानांची टेस्ट करून घेतली. रिपोर्ट जुन्यासारखाच, काडीचा फरक नाही. डॉक्टर म्हणाल्या, "कान गेले की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. कोणाला गाणी ऐकू येतात, कोणाला घंटा. कॉमन आहे."

"मान्य," मी म्हटलं. "पण तो हात ठेवून थांबवल्याचं?"

त्यांनी फाईल मिटली. "ते माझ्या विषयात येत नाही हो."

विहाराची भिंत सुरक्षित निघाली. तडे वरच्या प्लास्टरचेच होते, थोडी दुरुस्ती लागली. म्युझियम चालू आहे. आई अधूनमधून मुक्ताला घेऊन तिथे जाते, भंतेजींच्या बहिणीशी आता तिची चांगली गट्टी जमलीय. घंटा मात्र पुन्हा कधी ऐकू आली नाही. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? "वाईट कशाला?" म्हणाली. "आलेलं ना ऐकू."

मी खूप डोकं चालवलं. कंपनं, प्रतिध्वनी, कधीतरी कानावर पडलेली गोष्ट... सगळं तपासून झालं. उत्तर नाही. इथे कोणाकडे असेल तर जरूर सांगा, पण खरं सांगू, मला आता तितकीशी घाईही राहिलेली नाही.

हे लिहितोय आत्ता, आणि आत किचनमध्ये आई आणि मुक्ता भांडतायत. आमटीत चिंच घालायची की कोकम, यावरून. दोघींचेही आवाज चढलेत. कानात मशीन लावलेली आई म्हणतेय, "ओरडू नकोस गं, ऐकू येतंय मला!" मध्ये पडायला हवं खरं तर... पण मी आपला इथेच बसून ऐकतोय.