मुठीतल्या किल्ल्या

फिट आली की माझ्या मुठीत किल्ल्या कोंबायच्या, हा माझ्या सासूचा नियम. लोखंड हातात आलं की फिट पळती म्हणे. शुद्धीवर यायचे तेव्हा तळहातावर कपाटाच्या किल्लीचे दात उमटलेले असायचे. फिट आपली आपणच थांबायची आन् नाव व्हायचं किल्ल्यांचं. तळपायाची आग मस्तकात जायची माझी.

मला पोरगी झाली. तिला उभ्यानं उचलायची मला बंदी. घनसावंगीच्या बाजाराला निघालो तरी जीपमधी पोरगी सासूच्या मांडीवर, मी नुसती पिशवी धरून बसलेली. जमिनीवर बसून पाजायचं आन् पाजून झालं की लगेच देऊन टाकायचं. भीती खोटी न्हवती, हे मलाबी कळायचं. गोळ्या बदलून बदलून डॉक्टर थकले होते, तरी मी पडायचीच. पण माझं लेकरू मला माझ्या कडेवर पाहिजे होतं, बस्स.

पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं सांगितलं. ते तेव्हा नवंच होतं. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा बसवायच्या, कातडीखालून वायर आणून छातीत बॅटरी ठेवायची. ती थोडा थोडा करंट सोडती, त्यानं फिटीला मेंदूभर पसरणं जड जातं. बिलकुल बंद होतील असं न्हाई, कमी होतील, गोळ्याबी चालूच ठेवाव्या लागतील, असं त्यांनी बजावलं.

नवरा खाली मान घालून आईच्या होकाराची वाट पाहून राह्यला होता. डोकं उघडायचं म्हणल्यावर सासूनं नकोचा धोशा लावला होता. पण तारेचं ऐकलं आन् तिचा चेहरा उजळला.

"म्हंजे लोखंडच ना? मी इतके दिवस येगळं काय सांगून राह्यले होते?"

कपाळ माझं! डोकं माझं, जीव माझा, आन् होकार मिळाला तो त्या मेल्या किल्ल्यांच्या जोरावर. तार लोखंडाची नसती, असं डॉक्टर सांगायला लागले, तर मीच डोळ्यानं त्यांना गप केलं.

ऑपरेशन झालं. लगेच काही फरक पडला न्हाई. करंट कमी-जास्त करण्यात बरेच महिने गेले, मंग फिटी खरंच विरळ झाल्या. सासू गावभर सांगत सुटली, औषध आमचंच, डॉक्टरनं फक्त आत बसवलं.

एक दिवस अंगणात पोरीला म्हणलं, ये, तुला कडेवर घेते. पाय लोंबकळतील एवढी झाली होती, तरी हसत पळत आली. मधीच थबकली, घरात गेली आन् किल्ल्यांचा जुडगा आणून माझ्या मुठीत दिला.

"आता घे," ती म्हणली.

मी तो जुडगा उकिरड्यावर भिरकावला आन् दोन्ही हात पुढं केले. पोरीनं माझ्याकडं पाह्यलं, मागं सरली आन् किल्ल्या हुडकायला उकिरड्याकडं पळाली.