उघाडीतलं सिमकार्ड

सकाळी दहाला उघाडीचा दरवाजा खाली यायला हवा होता. आला नाही. अमावस्येचं उधाण होतं, भरती पूर्ण व्हायला दोन तास उरले होते.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं तोंड. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला दरवाजा पाडायचा. खारं पाणी आत शिरलं तर भाताची रोपं जातात, पुढची दोन-तीन वर्षं जमीनही नीट पिकत नाही. मी इंटर्न असलेल्या अलिबागच्या छोट्या कंपनीने तिथे सेन्सर आणि मोटर बसवली होती. सेन्सर पाण्याची उंची सर्व्हरला कळवतो, सर्व्हर मोटरला हुकूम देतो. मशीन मशीनशी बोलतं. त्यासाठी मोटरजवळच्या पेटीत सिम लागतं.

"या साईटचं सिम कुठलं?" कंपनी चालवणाऱ्या सावंत सरांनी विचारलं.

"माझं, सर."

"तुझं म्हणजे?"

"माझ्या नावावरचं. जुनं."

मशीनची सिम वेगळी असतात. ती कंपनीच्या नावावर, कुठल्या पेटीत बसली ते लिहून नोंदवावी लागतात. कागद अडकले होते, लावणी जवळ आली होती. मला वाटलं, तेवढ्यापुरतं चालेल. सांगायचं धाडस झालं नाही.

सरांनी मोबाईल कंपनीकडे चौकशी केली. माझ्या ओळखपत्रांची फेरतपासणी बाकी होती, म्हणून लाईन बंद. तसे तीन मेसेज आले होते. त्याच सिमवर.

"पेटीने वाचले असतील," सर म्हणाले.

मी गणूकाकांना फोन लावला. मोटर येण्याआधी चाक फिरवून दरवाजा तेच पाडायचे.

"चाक तर तुम्हीच काढून नेलात," ते म्हणाले. कुणी उगाच फिरवू नये म्हणून आम्ही ते खरंच काढलं होतं.

"काका, दुसरं काही?"

"जुन्या फळ्या हायत. मी जाळल्या न्हायत. ठेव फोन, माणसं बोलावतो."

आम्ही बाईकवरून पोचलो तेव्हा फळ्या खाचेत बसल्या होत्या, आठ-दहा जण फटींत चिखल भरत होते. बाकीची शेतं वाचली. उघाडीलगतच्या एका वाफ्यात मात्र पाणी चढलं होतं. तो काकांचाच होता.

"मशीन तुझ्या नावावर हाय म्हनं?" सरांकडून ऐकून त्यांनी विचारलं.

"हो, काका."

"मग हा वाफाबी तुझ्याच नावावर लिव."

कुणी हसलं नाही. मी चिखल उचलायला वाकले.

आता सिमचं रजिस्टर मी ठेवते. नाव कंपनीचं. मेसेज माझ्या आणि काकांच्या फोनवर येतात. चाक परत बसवलं आहे. फळ्या काकांनी तरीही हलवू दिल्या नाहीत.