आभाळाच्या कॅमेऱ्यावरची वेळ

नोकरीतले कितीतरी गुन्हे विसरलो, पण जळालेल्या पुंजण्याचा तो गुन्हा विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही. ठाणेदार म्हणून माझं ते शेवटचं ठाणं. बाजाराच्या दिवशी अख्खं गाव अड्याळला गेलेलं. संध्याकाळी परतून पाहतात तर एका शेतकऱ्याच्या धानाच्या पेंढ्यांचा रचलेला ढीग, म्हणजे पुंजणं, राख झालेलं. आग कधी लागली, पाहणारा कोणी नाही.

थोड्याच वेळात त्या शेतकऱ्याच्या, म्हणजे फिर्यादीच्या, धाकट्या भावाचा ठाण्यात फोन आला. "साहेब, शेजारच्या वावरवाल्याले मी दुपारी धुऱ्यावर पाहिलं. त्याचाच हात हाय." धुऱ्याचा, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचा, वाद जुनाच होता. हेतू मिळाला, मी खूश.

सकाळी पंचनामा करताना हवालदाराने वर बोट दाखवलं. शेताला लागून असलेल्या घराच्या छतावर कॅमेरा! घर जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं. गाव त्यांना काकाजी म्हणे. त्यांना आभाळाचा नाद. भंगारातून आणलेला तो कॅमेरा दर पाच मिनिटांनी आभाळाचा फोटो इंटरनेटवर टाकायचा आणि कापणीच्या दिवसांत सगळं गाव मोबाइलवर ढग बघायचं. वर छत्री म्हणून तारेने बांधलेला प्लास्टिकचा अर्धा डबा. काचेत ओल धरायची, म्हणून काकाजी रोज शिडी चढून जुन्या धोतराच्या फडक्याने ती पुसत. आतला सेल मेलेला, तसला आता मिळत नाही. "नवा काहून नाही घेत?" हवालदाराने विचारलं. "हा चालून राहिला ना!" काकाजी म्हणाले.

फोटोच्या खालच्या कडेला शेताची पट्टी यायची. एका फोटोत पुंजण्यातून नुकताच धूर निघत होता आणि धुऱ्यावर मुंगीएवढा एक माणूस. वेळ छापलेली, बारा वाजून वीस मिनिटं. काकाजी कपाटातून वही काढू लागले. "साहेब, लाइन गेली की..." मी त्यांना तोडलं. "काकाजी, वही राहू द्या. फोटो द्या." मला घाई होती. मला नेहमीच घाई असे. मी चहासुद्धा उभ्याने पिणारा माणूस.

शेजाऱ्याला आणलं. बाराला आपण शेतात होतो, हे त्याने लगेच कबूल केलं. दीडनंतर तो बाजारात होता, पण त्याचा मला काय उपयोग? धाकट्या भावाला फोटो दाखवला. "हाच ना?" "हाच, साहेब. बारा-सव्वाबारा झाले असन." झालं! अटक केली आणि कोर्टाकडून दोन दिवसांची पोलीस कोठडी घेतली.

कोठडीत हा गडी एका जागी बसेना. गज धरून उभा. "साहेब, माह्या कडपा वावरात पसरल्या हायत. घरी माय एकटी. आभाळ भरून येऊन राहिलं. कायले धरून ठेवलं मले?" कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडलेल्या असताना पाऊस आला तर वर्षाच्या पिकाला जागच्या जागी कोंब फुटतात, हे मलाही कळत होतं. मीही खुर्चीत टिकत नव्हतो. बाहेर जाऊन वर बघायचो, आत येऊन त्याच्यावर ओरडायचो.

"काकाजीच्या कॅमेऱ्यात आभाळ तरी दाखवा ना, साहेब."

मी चिडलो. "आभाळ पाहिजे काय? हे पाहा!" म्हणत पुराव्याचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला. त्याने गजातून हात घालून तो जवळ ओढला.

"हे बारा वाजताचं म्हणता, साहेब? मोहाच्या झाडाची सावली पाहा ना. तलावाकडं किती लांब गेली! ही तं दिवस कलल्यावरची सावली व्हय."

मी फोटो घेऊन तसाच काकाजींकडे गेलो. त्यांनी वही पुढे केली. वीज गेली की कॅमेऱ्याचं घड्याळ थांबे आणि आली की थांबलं तिथूनच पुढे चाले. म्हणून ते विजेच्या जाण्या-येण्याच्या वेळा लिहून ठेवत आणि संध्याकाळी घड्याळ हाताने जुळवत. त्या दिवशी बाजाराला निघण्याआधी त्यांनी लिहिलं होतं, नऊ ते बारा वीज नव्हती. म्हणजे तो फोटो तीन वाजून वीस मिनिटांचा. "त्याच दिवशी सांगत होतो तुमाले," काकाजी म्हणाले.

धाकट्या भावाला पुन्हा बसवलं. पहिल्या खेपेला त्याच्या तोंडी वेळ मीच घातली होती. फोटो समोर ठेवला आणि त्याने ती वाचली. आता फोटो दाखवला नाही. "सव्वातीनला कुठं होतास?" त्याने पाणी मागितलं. दुसरा पेला संपायच्या आत रडायला लागला. धुऱ्यावरचं गवत जाळत होता, वारा फिरला, ठिणगी पुंजण्यात गेली. "भावानं मले घरात घेतलं नसतं, साहेब."

कोर्टात अहवाल देऊन शेजाऱ्याला सोडवेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. पाऊस पहाटेच पडून गेला होता.

गुन्हा उघड केला म्हणून वरून शाबासकी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेल्याला शाबासकी! मला आजही लाज वाटते. पुरावा देणारा माणूस काही सांगू पाहत असेल तर त्याचं आधी पुरतं ऐकून घ्यावं, एवढं साधं मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो. पुढे तपासावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला तेच सांगितलं.

त्या दुपारी शेजाऱ्याला जीपने मीच गावात सोडलं. तो घरी गेला नाही, सरळ वावरात गेला. मी मागोमाग. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घोटाभर पाणी, कडपा त्यात तरंगत होत्या. माय एकटीच ओलं धान उचलून धुऱ्यावर आणून टाकत होती. मला माफी मागायची होती, म्हणून मी धुऱ्यावरून पुढे झालो.

पाण्यात उतरता उतरता तो वळला.

"साहेब, जरा बाजूले व्हा. तुमच्या बुटाखाली धान हाय."