गयाबाई आणि वस्तीचा रस्ता

गयाबाई सरपंच बोलायला उभ्या राहिल्या की आधी आपल्याला भीती वाटते हे सांगून टाकत. समोर तहसीलदार असोत की गावची ग्रामसभा, पहिलं वाक्य ठरलेलं. "मला लई भ्याव वाटतंय, पर बोलते." मग बोलत. चहा दिला तर बशी वाजेल म्हणून नुसता कप उचलत. मी त्या गावात ग्रामसेवक म्हणून रुजू झालो तेव्हा मला ही त्यांची लकब वाटली होती. पुढे कळलं, बाई खरंच भितात. विजेला, कुत्र्याला, चढ्या आवाजाला आणि मोठ्या माणसांना.

गेवराई तालुक्यातलं आमचं गाव डांबरी रस्त्याला लागून होतं. धनगरांची वस्ती मात्र आत, गोदावरीच्या अंगाला. तिथं जाणारी वाट काळ्या मातीची. गयाबाईंच्या धाकट्या जावेला भर पावसाळ्यात साप चावला, तेव्हा रुग्णवाहिका डांबरीवरच थांबली. झोळीत घालून चिखलातून आणेपर्यंत तिनं प्राण सोडला. पुढं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि वस्तीनं गयाबाईंना उभं केलं. निवडून आल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, आमचा रस्ता सरकारनं सांभाळायला घ्यावा म्हणून काय काय लागतं, ते तोंडी सांगा."

मी सांगितलं. कडेच्या प्रत्येक शेतकऱ्याची संमती लागते. रस्ता मोजावा लागतो, आणि तो आधी पूर्ण रुंदीनं मोकळा असावा लागतो, कुणाचं कुंपण आत नको. ग्रामसभेचा ठराव लागतो. मग जिल्हा परिषद त्याला ग्रामीण मार्ग म्हणून नंबर देते. त्यानंतर मुरूम, मोऱ्या, खड्डे हे सगळं बघणं त्यांच्याकडे जातं, आणि जड वाहनांना बंदीही घालता येते.

शेवटचं ऐकून त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे अण्णा न्हाई म्हननार."

अण्णा हे नदीकाठचे मोठे जमीनदार. त्यांचं तारेचं कुंपण रस्त्यात आलेलं होतं, आणि त्यांचे चोरट्या वाळूचे टिप्पर याच वाटेनं नदीत उतरत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. मीही नाही.

बाकीच्यांच्या संमत्या गयाबाईंनी घरोघर जाऊन मिळवल्या. त्यानंतर एका दुपारी अण्णांची दोन माणसं त्यांच्या दारात आली. बाजेवर बसली, पाणी मागितलं. एकानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "केरबादादा शेळ्या घिऊन रोज ह्याच रस्त्यानं जातेत ना, वैनी?" केरबा म्हणजे गयाबाईंचे मालक. गयाबाई "हाव" म्हणाल्या. "लई टिप्पर येतेत. सांभाळून जा म्हनावं." एवढंच बोलून ती दोघं निघून गेली.

गयाबाई तशाच पायी कार्यालयात आल्या. घडलेलं सगळं सांगितलं. पोलिसांत जाऊ म्हणालो, तर म्हणाल्या, "काय सांगायचं? पानी पिऊन गेले म्हनून?" संध्याकाळी घरी जाताना मी स्वतः मोटारसायकलच्या आरशात पुन्हा पुन्हा मागे बघत होतो.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. अण्णा पुढच्या खुर्चीत बसले होते. मी ठराव वाचला आणि कुणाची हरकत आहे का म्हणून विचारलं. कुणीच बोलेना. तेव्हा गयाबाई उठल्या. पदर हातात गच्च धरलेला.

"मला लई भ्याव वाटतंय," त्या म्हणाल्या. "आज कुनाचं वाटतंय तेबी सांगते. अण्णांचं वाटतंय. त्यांची मानसं माज्या दारात येऊन मालकाची चौकशी करून गेलीत. उद्या मालकाला काय झालं तर समद्या गावाला ठावं असावं, म्हनून सांगते."

मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. मागून एक म्हातारे शेतकरी उठले. "मी बी भेतो अण्णाला," ते म्हणाले आणि खाली बसले. मग त्यांच्या शेजारचा उठला. मग बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आमी बी."

अण्णा हसले. "माजी कुठं हरकत हाय? घ्या की रस्ता," म्हणाले, आणि तिथंच संमतीवर सही केली. कुंपणही त्यांनी मागे घेतलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र त्या हसण्याचीच धास्ती बसली होती.

मोजणी झाली, प्रस्ताव बीडला गेला. आणि एका सकाळी टिप्पर शेळ्यांच्या कळपातून गेला. केरबा कडेच्या चारीत फेकले गेले म्हणून वाचले, पण मांडीचं हाड मोडलं. शेळ्या रस्त्यावर चिरडून पडल्या होत्या. टिप्परच्या नंबरपाटीवर चिखल थापलेला होता. कुणाचा टिप्पर ते पोलिसांना शेवटपर्यंत सापडलं नाही.

मी बीडच्या दवाखान्यात गेलो. गयाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. साडीवर रक्ताचे डाग तसेच होते. प्रस्ताव मागे घ्यायचा का, हे मी विचारण्याआधी त्याच म्हणाल्या.

"माघारी घ्यावं असं सकाळपसून मला बी वाटतंय, भाऊसाहेब. पर मालकाला बरं करून घरी न्यायचं तर त्याच रस्त्यानं न्यावं लागंल. दुसरा हाय कुठं?" मग म्हणाल्या, "राहू द्या परस्ताव तसाच."

नंबर मिळाला. मुरूम पडला, ओढ्यावर मोरी झाली, जड वाहनांना बंदीची पाटी लागली. टिप्पर कमी झाले. बंद मात्र झाले नाहीत. गयाबाईंची मुदत संपली आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. केरबा काठी टेकत चालू लागले, पण शेळ्या त्यांनी परत घेतल्या नाहीत.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी वस्तीवर गेलो. परतताना गयाबाई मुरमाच्या रस्त्यानं माझ्यासोबत आल्या. समोरून टिप्पर आला. मी पटकन शेतात उतरलो. गयाबाई कडेला सरकल्या, पण रस्त्यावरच उभ्या राहिल्या आणि थेट ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत राहिल्या. गाडी अगदी हळू पुढं गेली. मी वर आलो तेव्हा त्या पदरानं कपाळाचा घाम पुसत होत्या.

"भ्याव गेलं आता?" मी विचारलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "रोज वाटतंय. पर मला बघितलं की ते बी आता दमानं जातेत."