दाजींचं तोंड मी भर बाजारात उघडलं

दाजी माझ्याशी बोलत नाहीत, याला बरीच वर्षं झाली. गावाकडचे अजून मलाच दोष देतात, म्हणून काय झालं ते एकदा लिहून ठेवतो.

माझा धंदा शेळ्या-बोकडांच्या दलालीचा. शहराच्या कडेला गारखेड्याकडं जिथं वडिलांनी मेंढरं चारली, तिथं मी जिभेच्या जोरावर घर बांधलं. दुष्काळाची वर्षं होती. लोक मिळेल त्या भावाला जनावरं काढत होते आणि शहर मात्र पसरत चाललं होतं. बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, नव्या कॉलन्यांना टँकरनं पाणी पुरवायचे. विहिरीवर नंबर लागेपर्यंत बसून राहायचं, आणि बसलं की तोंडात सुपारी-तंबाखूची पुडी.

एकदा बहिणीकडं जेवताना त्यांनी ठेचा बाजूला सारला आणि भाकरी दुधात कुस्करली. ठेच्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. बहीण म्हणाली, "उष्णतेनं तोंड आलंय." मला पटेना. दुष्काळात जनावर चारा टाकून द्यायला लागलं, की आम्ही आधी त्याचं तोंड उघडतो.

पुढच्या बाजाराला दाजी नवसाच्या कंदुरीच्या जेवणासाठी बोकड घ्यायला आले. मी वय कळायला एकाचे दात बघत होतो. त्याला सोडून म्हणालो, "दाजी, आ करा."

"आ कराया मी काय बोकड हाय का?"

ऐकेनात. माझं डोकं फिरलं. सरळ जबडाच धरला. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. गालाच्या आत पांढरा चट्टा. अंगठ्यानं पुसला, जाईना. शेजारचा व्यापारी ओरडला, "सेठ, दो दाँत का है के चार का?" सगळा बाजार हसला. दाजी माझा हात झटकून गेले.

मग मी बहिणीच्या दारात 'कॅन्सर असंल' म्हणून तमाशा केला, तेव्हा ती त्यांना औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांकडं घेऊन आली. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सरच निघाला, पण नुकता धरलेला.

"पूर्वी असली तोंडं म्हाताऱ्यांची बघायचो," डॉक्टर म्हणाले. "आता तिशी-चाळिशीतले येतात, तेही बहुतेक मानेत गाठ आल्यावर. यांना वेळेत आणलंत."

ऑपरेशनची तारीख महिनाभरानं होती. मी दवाखान्यातच ठाण मांडलं आणि पुढच्या आठवड्यातली घेऊनच उठलो. चट्टा आणि आजूबाजूचा थोडा गाल काढला. जबडा वाचला.

माझा चुलताही बहुधा याच रोगानं गेला. तेव्हा 'तोंड सडलं' म्हणून सगळे मोकळे झाले. त्यामुळं पूर्वी हा रोग नव्हता असं कुणी म्हटलं की मी भांडतो. होता, पण कुणी बघत नव्हतं. टपऱ्यांवर पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्यापासून तो वाढला, हेही खरं.

एवढं करून गाव म्हणालं, ह्यानं कॅन्सरचं नाव काढलं म्हणून रोग आला. बहीणसुद्धा म्हणाली, "दादा, कानात सांगायचं व्हतं." कानात सांगून त्यांनी ऐकलं असतं?

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला बहीण त्यांना ओढून घेऊन आली. पुडी केव्हाच सुटली होती. पंगतीत मी ठेचा घेऊन पुढं गेलो, तर माझ्याकडं न बघता शेजारच्याला म्हणाले, "वाढणाऱ्याला सांगा, हात लई आखडता हाय."

मी अजून दोन चमचे ठेचा वाढला आणि ते खाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.