अंधाऱ्या वळणावरचे भाऊजी

माझ्या भाऊजींचं आणि काळोखाचं हाडवैर आहे. घरातला मोरीतला दिवासुद्धा ते कुणाला मालवू देत नाहीत. महामार्गावरच्या दिव्यांची देखभाल हे त्यांचं काम, आणि माणूस खांबांच्या इतक्या प्रेमात पडू शकतो हे मला त्यांच्याकडे बघूनच कळलं. माझी ताई त्याच महामार्गावरून रात्रीची बस चालवते. त्यामुळे रात्री उशिरा रस्त्यावरचे दिवे बंद ठेवायचे, असं मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं तेव्हा भाऊजींच्या पायाखालची जमीनच सरकली.

"साहेब, टेकडीजवळच्या वळणावर उजेडातसुद्धा लोकांची भंबेरी उडते!"

"उजेड असला की लोक गाड्या सुसाट सोडतात," साहेब म्हणाले. "अंधारात जपून जातात. महिनाभर करून बघू. अपघात झाला, तर दिवे पुन्हा चालू. नाही झाला, तर कायमचे बंद."

आता पंचाईत बघा. दिवे परत हवेत तर अपघात व्हायला हवा, आणि रस्त्यावर तर स्वतःची बायको! भाऊजी एवढंसं तोंड करून घरी आले.

"मेहुणीबाई," ते मला म्हणाले, "या वेळी मी हरलो तरच माझं भलं आहे."

आणि मग हा गृहस्थ हरण्यासाठी जिवाचं रान करू लागला. गाडीच्या उजेडात चमकणाऱ्या पट्ट्यांची भेंडोळी घेऊन त्यांनी वळणावरचा प्रत्येक खांब मढवला. मग कठडा, मग दगड, मग चहाच्या टपरीचं बाकडं. पंक्चरवाल्याच्या कुत्र्याच्या गळ्यातही पट्टा चमकू लागला.

"उद्या मलाही चिकटवाल!" पंक्चरवाला ओरडला.

भाऊजींनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. त्यांच्या मनात तो विचार आला होता, हे मी शपथेवर सांगते.

एवढ्यावर भागेल तर ते भाऊजी कसले! ताईची बस जाईपर्यंत ते रोज त्या वळणावरच्या झाडामागे लपून उभे राहायचे. ताईला कळलं असतं तर तिने त्यांना फाडून खाल्लं असतं. तिच्या हातावर विश्वास नाही, असं तिला वाटलं असतं. म्हणून हे फक्त मला ठाऊक, आणि गुपित पोटात ठेवून माझं पोट फुगायची वेळ आली होती.

"तुझी ताई नियमाची किती पक्की!" ते मला कौतुकाने सांगायचे. "समोर एकही गाडी नसते, तरी त्या वळणावर डिपर देतेच. दिवे खाली-वर केल्याशिवाय पुढे जात नाही."

महिना सरला. साधं खरचटलंसुद्धा नाही कुणाला. साहेबांनी पाठ थोपटली आणि दिवे कायमचे बंद केले. भाऊजी कामावरून आले ते तसेच स्वयंपाकघरात येऊन मटकन बसले.

"तोंड कशाला पाडलंय?" ताई म्हणाली. "साहेबांचं काही चुकलं नाही. लोक खरंच हळू येतात आता. मला नाही भीती वाटत."

"पण ते वळण..."

"तिथे तर मुळीच नाही. तिथे झाडामागे रोज एक जाकीट चमकत उभं असतं."

भाऊजींनी मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. कामावरचं ते जाकीट, पुढून-मागून पट्ट्याच पट्ट्या असलेलं, अजून अंगातच होतं. सगळा रस्ता चमकवणारा हा माणूस महिनाभर तेच घालून लपत होता! मी इतकी हसले की चहाचा कप हातातून सुटला.

"मग तो डिपर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हालाच. सुखरूप आले, आता घरी जा, असं सांगत होते."

भाऊजींचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगते, माझेही.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर निघाली. दारात थांबून तिने धुतलेलं जाकीट भाऊजींच्या हातात ठेवलं.

"नुसते येऊ नका," ती म्हणाली. "हे घालून या. दिसायला हवात."